‘गव्हर्न’ हे क्रियापद आलं कुठून? (सरकार, सायबर सेल आणि कुबर्नेटिस)

हिंजवडीचा_मावळा (धागाकर्ता)

मंडळी, हापिसात सध्या जे दिसेल ते कुबर्नेटिसवर हलवायचं चाललंय. (आयटीबाहेरच्यांसाठी : गूगलने 2014 मध्ये बाहेर आणलेलं सॉफ्टवेअर, शेकडो कंटेनर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान एकत्र बांधलेले सॉफ्टवेअरचे डबे, कुठल्या मशीनवर चालवायचे, एखादा मेला की त्याच्या जागी दुसरा कधी उठवायचा, हे सगळं ते आपलं आपण बघतं.) नाव ग्रीक आहे, अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा, एवढं ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असतंच. पुढे मी शब्दकोश उघडला आणि तिथेच अडकलो, कारण इंग्रजीतलं गव्हर्न हे क्रियापद याच शब्दाच्या घराण्यातलं निघालं.

वंशावळ साधारण अशी. ग्रीक क्युबेर्नान म्हणजे जहाज हाकणे, सुकाणू धरणे. त्याचं लॅटिनमध्ये गुबेर्नारे झालं. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये गोव्हेर्ने, आणि नॉर्मन लोकांची फ्रेंच इंग्लंडात मुरल्यावर 1300 च्या आसपास इंग्रजीत गव्हर्न. म्हणजे गव्हर्नमेंट, गव्हर्नर, गव्हर्नेस, गव्हर्नन्स ही सगळी मुळात खलाशांची पोरं.

आता अडलेले प्रश्न. क चा ग कसा काय झाला? सायबर पण यातलंच म्हणतात, मग तिथे स कुठून उपटला? आणि होडी हाकणं ते राज्य हाकणं ही उडी नेमकी कोणी मारली, रोमनांनी का? इथे जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढला, जरा सविस्तर लिहा.

पुणेरी_टोमणे

सरकारचा आणि होडीचा संबंध जुलै महिन्यात आमच्या रस्त्यावर येऊन बघा, ग्रीकांपर्यंत जायची गरज नाही. चालू द्या, वाचतोय.

अक्षरवेडी

मस्त धागा. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते कारण तो माझा लाडका विषय आहे. उडी रोमनांची नाही, ती ग्रीकांनी आधीच मारून ठेवली होती.

हे क्रियापद होमरच्या ओडिसीतच आहे, तिसऱ्या सर्गात. ट्रॉयहून परत येताना मेनेलाओसच्या जहाजाचा सुकाणूवाला फ्रोन्टिस मरतो, अथेन्सजवळच्या सूनिओन भूशिरापाशी, आणि कवी म्हणतो की वादळात जहाज हाकण्यात त्याच्यासारखा माणूस नव्हता. मरताना त्याच्या हातात सुकाणू असतं. इथे अर्थ शंभर टक्के समुद्रावरचा, राज्यकारभाराचं नावही नाही.

पण ग्रीक गावंच अशी की समुद्र दारात, त्यामुळे शहर म्हणजे जहाज ही उपमा लवकरच आली. एस्किलसच्या थीब्जवरच्या नाटकात राजा पहिल्याच वाक्यात सांगतो की शहराच्या मागच्या टोकाला बसून जो सुकाणू सांभाळतो त्याने डोळ्याला डोळा लावू नये. मग प्लेटो. त्याच्या रिपब्लिकच्या सहाव्या भागात जे जहाज येतं ते वाचून मला दर निवडणुकीला हसू येतं. जहाजाचा मालक धिप्पाड पण जरा बहिरा, नजरही अधू, जहाजातलं ज्ञान बेताचं. खलाशी आपसात भांडतायत की सुकाणू मीच धरणार, शिकलेला त्यातला एकही नाही, वर म्हणतात ही शिकायची गोष्टच नव्हे. मालकाला दारू पाजून, गुंगीचं औषध देऊन आडवा करतात आणि कोठारातला माल उडवतात. आणि जो खरा क्युबेर्नेतेस, म्हणजे सुकाणूवाला, आहे, ज्याला तारे, वारे, ऋतू कळतात, त्याला हे सगळे आकाशाकडे बघत बसणारा बडबड्या म्हणतात.

प्लेटोचं म्हणणं लोकशाहीच्या विरोधात होतं हे सोडून देता येणार नाही, माझं त्याच्याशी पटत नाही. पण शब्दापुरतं बोलायचं तर सत्ता हे कौशल्य आहे, बळ नव्हे, हा सगळा वाद त्याने या एका धंद्यावर उभा केला.

रोमनांनी ती उपमा तयार उचलली. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो राज्य सांभाळणाऱ्या माणसाला सरळ गुबेर्नातोर म्हणतो. त्याच वेळी तो शब्द बंदरावर खलाशांच्या तोंडी मूळ अर्थानेही चालूच होता. व्हर्जिलच्या एनीड या लॅटिन महाकाव्यातला पालिनुरुस हा असाच गुबेर्नातोर, झोपेचा देव त्याला पेंगवून समुद्रात ढकलतो आणि पडताना तो सुकाणूसकट जातो. फ्रोन्टिसचीच आठवण होते ना!

खडू_फळा

क आणि ग बद्दल मी लिहितो, निवृत्त मास्तर आहे तेव्हा लांबण लागली तर सहन करा.

रोमन मूळचे शेतकरी. समुद्र त्यांना शिकवला दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींनी, तारान्तो, नेपल्स ही मुळात ग्रीक शहरं. त्यामुळे जहाजावरचे लॅटिन शब्द बघा, किती उसने आहेत. नांगराला आन्कोरा, तो ग्रीक आन्क्युरा, इंग्रजीत अँकर. जहाजाच्या पुढच्या टोकाला प्रोरा, इंग्रजीत प्राऊ, तोही ग्रीक. खलाशाला नाउता, तोही. एवढंच कशाला, बोट लागून मळमळतं ते नॉशिया, त्यात ग्रीक नाउस म्हणजे जहाज बसलंय.

हे शब्द कोणी पुस्तक उघडून घेतले नाहीत, धक्क्यावर कानाने ऐकून घेतले. आणि कानाने घेतलं की उच्चार घसरतो. ग्रीकांचा शब्दारंभीचा क लॅटिन कानाला कधीकधी ग ऐकू येई, हे एकट्या गुबेर्नारेचं नाही. डिंकाला ग्रीकमध्ये कोम्मी, लॅटिनमध्ये गुम्मी, त्यावरून इंग्रजी गम, आपण पाकिटं चिकटवायला वापरतो तो. हलक्या बाजेला ग्रीक क्राबात्तोस, लॅटिन ग्राबातुस. का झालं याचं चोख उत्तर नाही, पण नमुना दिसतो.

दुसरा पुरावा त्यातला उ. ग्रीकमधला जो स्वर आहे तो जुन्या काळी उ होता, अथेन्सकडे पुढे त्याचा ओठ गोल करून म्हटलेला इ झाला. जुनी उसनवारी असेल तर लॅटिनमध्ये साधा उ दिसतो. पुढे रोमन लोक शिकले सवरले, घरोघर ग्रीक गुलाम मास्तर म्हणून आले, तेव्हा त्यांनी इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात खास ग्रीक शब्दांसाठी वाय आणि झेड ही अक्षरं वर्णमालेच्या शेवटी चिकटवली. म्हणून ती आजही शेवटी आहेत. एन्निउस हा जुना कवी तर पिर्‍हस राजाचं नाव बुर्‍रुस असं लिहायचा, सिसेरोनेच ते नोंदवून ठेवलंय. बघा, प चा ब झाला आणि स्वराचा उ झाला, अगदी गुबेर्नारेसारखंच. तर गुबेर्नारेमधला उ सांगतो की हा शब्द वाय यायच्या आधीच रोममध्ये मुरला होता.

आता मावळ्याच्या सायबरचं. सोप्या शब्दात सांगायचं तर गव्हर्न हा तद्भव आणि सायबर हा तत्सम. जसं क्षेत्रचं झिजून शेत झालं आणि मग सुशिक्षितांनी क्षेत्र पुन्हा जसंच्या तसं आणलं, आता दोन्ही नांदतात आणि सातबारावर शेत असतं नि भाषणात क्षेत्र. तसंच इथे. लोकांच्या तोंडून आलेलं क्युबेर्न गुबेर्न होऊन, मग फ्रेंच तोंडात ब चा व्ह होऊन गव्हर्न झालं. हजारो वर्षांनी पंडितांनी ग्रीक शब्द पुन्हा पुस्तकातून उचलला, लॅटिन स्पेलिंगच्या नियमाने क साठी सी आणि त्या स्वरासाठी वाय लिहिलं, आणि इंग्रजीत सी पुढे वाय आला की स म्हणायचं, झालं साय. स कुठून उपटला नाही, तो स्पेलिंगच्या पोटातून आला.

तक्षशिला_प्रेमी

एवढं द्राविडी प्राणायाम कशाला, कुबर्नेटिस मध्ये कुबेर स्पष्ट दिसतोय. कुबेर हा उत्तर दिशेचा दिक्पाल, खजिन्याचा मालक, सगळ्यांचं नियमन करणारा. ग्रीकांनी आपल्याकडूनच नेलं, पाश्चात्य लोक कबूल करणार नाहीत.

पुणेरी_टोमणे

आणि कंटेनर म्हणजे कुबेराचे हंडे. पटलं. प्रॉडक्शन बंद पडलं की त्यांचीच पूजा घालतात वाटतं हिंजवडीत.

खडू_फळा

तक्षशिलाजी, दोन शब्द सारखे ऐकू येणं याला पुरावा म्हणत नाहीत हो. नातं असेल तर ध्वनींचा हिशोब लागतो, आणि अर्थही जुळावा लागतो. कुबेर कुठल्याच जुन्या गोष्टीत नाव हाकत नाही.

खरं नातं बघायचं असेल तर नाउस बघा. ग्रीक नाउस, लॅटिन नाविस, संस्कृत नौ, आपली मराठी नाव. चारही सख्खी भावंडं, कोणी कोणाकडून नेलेली नाहीत, एकाच आजीची. त्या नाविसवरून इंग्रजीत नेव्ही आणि नॅव्हिगेट. हा अभिमान बाळगा, तो पक्का आहे. क्युबेर्नानच्या मागे मात्र भारत-युरोपीय मूळ कोणाला धड सापडलेलं नाही, बरेच अभ्यासक तो ग्रीक लोक तिथे यायच्या आधीच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी भाषेतला मानतात. समुद्राला ग्रीक शब्द थालास्सा, त्याचीही तीच गत.

तक्षशिला_प्रेमी

ठीक आहे, कुबेर माझ्याकडे ठेवतो, नौ तुमच्याकडे ठेवा.

रत्नांग्रीचा_तांडेल

मंडळी इथे सगळे सुकाणू सुकाणू करतायत, धरलंय कोणी? आमच्याकडे होडीवर जो मुख्य, त्याला तांडेल म्हणतात, बाकीचे खलाशी. तेव्हा तुमच्या त्या क्युबेर्नेतेसला आम्ही तांडेलच म्हणू.

एक गोष्ट सांगतो. कुबर्नेटिसच्या लोगोमध्ये ते आऱ्यांचं गोल चाक आहे ना, सात आऱ्यांचं, भाच्याच्या लॅपटॉपवर स्टिकर बघितलं. ते चाक त्या ग्रीक माणसाने जन्मात बघितलं नसणार. जहाजावर चाक आलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या काळी मागच्या बाजूला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मोठी रुंद वल्ही तिरकी लावलेली असायची, वर आडवा दांडा, तो धरून फिरवायचं. मागे मधोमध टांगलेलं सुकाणू युरोपात आलं बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराला.

आणि वल्ह्याने दिशा धरायची तर ताकद नाही लागत, अंदाज लागतो. लाट मागून यायला लागली की होडी आडवी फिरायला बघते, ती फिरायच्या आधी दांडा हलवावा लागतो, फिरल्यावर हलवून उपयोग नाही, मग नुसती ओढाताण. वर कोणी प्लेटोचं लिहिलंय की कौशल्य हवं बळ नको, त्याने होडीवर माणसं बघून लिहिलं असेल तर बरोबर लिहिलंय.

आपला सुकाणू शब्द पण आपला नाही, माहीत असेलच. अरबी सुक्कान. मुंबईच्या जुन्या जहाजांवर सारंग, तांडेल, सुकाणी अशी खलाशांची उतरंड असायची, गोरे कप्तान पण तेच शब्द वापरायचे मोडतोड करून. ग्रीकांचं रोमनांनी घेतलं, अरबांचं आपण घेतलं. बंदरावर हेच चालतं.

अक्षरवेडी

तांडेलकाका, भारी! याला जोडून, आपला संस्कृत शब्द कर्णधार. तिथे कर्ण म्हणजे कान नव्हे, सुकाणू हाच अर्थ कोशात आहे. आपण तो क्रिकेटच्या पानावर नेऊन ठेवला.

आणि सुकाणूवाल्याचं ऐकून फसल्याची एक गोष्ट बायबलमध्ये आहे. प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय. पौलाला कैदी म्हणून रोमला नेतायत, हिवाळा तोंडावर, पौल म्हणतो आता पुढे जाऊ नका. पण शताधिपती, म्हणजे त्याला नेणारा रोमन लष्करी अधिकारी, त्याच्यापेक्षा सुकाणूवाल्यावर आणि जहाजाच्या मालकावर विश्वास ठेवतो, आणि जहाज माल्टाला फुटतं. मूळ ग्रीकमध्ये तिथे क्युबेर्नेतेस हाच शब्द आणि लॅटिन भाषांतरात गुबेर्नातोर. एकाच ओळीत आजा आणि बाप दोघं सापडतात.

अजून मजा 1611 च्या इंग्रजी बायबलात. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की एवढी मोठी जहाजं, पण लहानशा सुकाणूने गव्हर्नर नेईल तिकडे वळतात. तिथे गव्हर्नर म्हणजे कोणी लाटसाहेब नाही, दांडा धरलेला माणूस! (ग्रीकमध्ये त्या ठिकाणी मात्र वेगळा शब्द आहे, दिशा देणारा अशा अर्थाचा.) म्हणजे सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत हा समुद्री अर्थ वाचणाऱ्याला कळत होता.

डिझेल_दादा

माझा विषय आला, आता मी बोलणार. तुमच्यासाठी गव्हर्नर म्हणजे राजभवन, आमच्यासाठी इंजिनाला असतो तो. शेतावरच्या ऑइल इंजिनाला विचारा.

काम काय तर लोड कमी झाला की इंजिन पळायला बघतं, जास्त झाला की दम टाकतं. गव्हर्नर आत दोन वजनं फिरवत असतो. स्पीड वाढला की वजनं बाहेर फाकतात, त्यांच्या फाकण्याने दांडी ओढली जाते आणि पंपातून जाणारं डिझेल कमी होतं. स्पीड पडला की स्प्रिंग वजनांना आत ढकलते, डिझेल वाढतं. माणूस लागत नाही. स्प्रिंग मेली की इंजिन हेलकावे खातं, वूंव... वूंव... असा आवाज, त्याला आम्ही हंटिंग म्हणतो.

हा जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला लावला, कल्पना पवनचक्कीवरून घेतली, तिथे जात्याच्या दगडांसाठी असलं काहीतरी आधीपासून होतं. आणि 1868 मध्ये मॅक्सवेल, तोच विजेच्या समीकरणांवाला, त्याने गव्हर्नर याच विषयावर निबंध लिहिला, की हे यंत्र कधी शांत राहतं आणि कधी हेलकावे खायला लागतं. माझ्या वूंव वूंवचं गणित त्याने दीडशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय.

हिंजवडीचा_मावळा

दादा, तुम्ही नकळत माझा धागा पूर्ण जोडलात! कारण सायबरचा जन्म थेट तुमच्या त्या निबंधाशी बांधलाय.

नॉर्बर्ट वीनर, अमेरिकन गणिती, दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम आपोआप कसा धरायचा यावर काम करत होता. विमान पुढे कुठे असेल याचा अंदाज, चूक मोजायची, सुधारायची, पुन्हा मोजायची. त्याच्या लक्षात आलं की यंत्र, प्राणी, माणसाचा हात, सगळीकडे हाच फीडबॅकचा खेळ आहे. या विषयाला नाव हवं होतं, ते त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1947 मध्ये ठरवलं, सायबरनेटिक्स, आणि 1948 मध्ये पुस्तक आलं. त्याने त्यात स्वतः लिहिलंय की फीडबॅकवरचा पहिला महत्त्वाचा निबंध मॅक्सवेलचा, गव्हर्नरवरचा, आणि गव्हर्नर हा शब्द क्युबेर्नेतेसचाच लॅटिनमध्ये बिघडलेला अवतार, म्हणून मुद्दाम तोच ग्रीक शब्द घेतला. शिवाय जहाजाचं सुकाणू यंत्र हे फीडबॅक यंत्राच्या अगदी पहिल्या आणि चांगल्या घडवलेल्यांपैकी एक, हेही कारण त्याने दिलंय.

त्याच्या आधी फ्रान्समध्ये अँपिअरने, हो तोच फ्यूजवर लिहिलेला, राज्यकारभाराच्या शास्त्राला फ्रेंचमध्ये हेच नाव दिलं होतं. त्याचा अर्थ प्लेटोकडे वळलेला, वीनरचा तांडेलकाकांकडे.

मग 1980 च्या दशकात विज्ञानकथावाल्यांनी सायबरनेटिक्समधलं नुसतं सायबर तोडून स्पेसला लावलं, आणि पुढे ते गुन्ह्याला, कॅफेला, पोलिसांना, सगळ्याला लागलं. तोडताना ‘न’ हे अक्षर मागे राहिलं. ग्रीक धातूत तो न आहे, गव्हर्नमध्येही आहे, सायबरमध्ये नाही. अर्थही तसाच तुटला, सायबर सेलमध्ये कोणी काही हाकत नाही.

कुबर्नेटिसचं मात्र बरोबर बसतं. आपण सांगायचं तीन प्रती चालू ठेव, ते सारखं मोजत बसतं, दोन दिसल्या की एक वाढवतं, चार दिसल्या की एक मारतं. दादांच्या वजनांचंच काम.

एडिसनकर

न्यू जर्सीहून +१. आमच्याकडे गव्हर्नरची निवडणूक विषम वर्षी येते, 2021, 2025 अशी, आणि मेलबॉक्स पत्रकांनी भरतो, त्यावर गुबरनेटोरियल असा जबडा दुखवणारा शब्द. नवीन आलो तेव्हा वाटलं हे कुठल्यातरी वेगळ्याच पदाचं आहे. नाम गव्हर्नर तर विशेषण गव्हर्नरियल का नाही असं मुलीने विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं, आता आहे. नाम फ्रेंचमधून झिजून आलं आणि विशेषण अठराव्या शतकात सरळ लॅटिन गुबेर्नातोरवरून बनवलं. मास्तरांच्या भाषेत एकाच घरात तद्भव नवरा आणि तत्सम बायको.

कोथरूडची_मैना

एक शंका. इंग्रजीत स्टिअर होतं की आधीपासून, मग राज्यासाठी बाहेरचा शब्द का लागला?

अक्षरवेडी

चांगला प्रश्न. स्टिअर जर्मानिक, इंग्रजांचा घरचा, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ राज्य चालवणे, ताब्यात ठेवणे असाही होत असे. जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात त्यात तारे नाहीत, स्टिअरबोर्ड आहे, कारण त्यांचं सुकाणूचं वल्हं उजवीकडे असायचं. पण 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, कोर्ट, कर, सगळं फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात गेलं, म्हणून राज्य चालवणाऱ्यांचा शब्द गव्हर्न झाला आणि होडीवाल्यांकडे स्टिअर उरला. खुद्द फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही कामं एकच क्रियापद करतं, सुकाणूला ते आजही गुव्हेरनाय म्हणतात. इटलीत तर गोव्हेर्नारे म्हणजे राज्य चालवणे आणि गोठ्यातल्या जनावरांना वैरणपाणी करणे, दोन्ही!

पुणेरी_टोमणे

वैरणपाणी हा अर्थ इकडेही लागू आहे, फक्त कोण कोणाला खाऊ घालतं ते विचारू नका.

बाकी एक निरीक्षण. राज्याच्या गव्हर्नरला आपण राज्यपाल केलं, पण रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर मराठी पेपरात गव्हर्नरच राहिला. 1943 मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपले चिंतामणराव देशमुख, स्वतः संस्कृतचे पंडित, त्यांच्या पदालासुद्धा कोणी मराठी नाव चिकटवलं नाही.

डिझेल_दादा

बरोबरच आहे. व्याजदर वर-खाली करून महागाई आटोक्यात धरायची म्हणजे आमच्याच गव्हर्नरचं काम. राज्यपालांचं तसं नाही.

कोथरूडची_मैना

आणि पायलट? विमानात बसल्यावर आता हेच डोक्यात येणार.

खडू_फळा

पायलटही त्याच दोन वल्ह्यांवरून. ग्रीकमध्ये सुकाणूच्या वल्ह्याला पेदोन, त्यावरून वल्हं धरणारा असा शब्द मध्ययुगीन ग्रीकमध्ये बनला असावा, इटालियनमध्ये आधी पेदोता आणि मग पिलोता, तिथून फ्रेंच आणि इंग्रजी. बंदरात मोठं जहाज आत आणायला जो माणूस चढतो त्याला अजून पायलटच म्हणतात, विमानवाल्यांनी तो त्यांच्याकडून घेतला. तांडेलसाहेब, जयगड बंदरात तुमच्याकडे येतात की नाही ते?

रत्नांग्रीचा_तांडेल

येतात की. छोट्या बोटीतून जातात आणि जहाजाच्या कडेने दोरशिडीवर चढतात, खाली लाटा असल्या तरी. त्यांना आम्हीही पायलटच म्हणतो. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे लिहायला बसलो तर भरती निघून जाईल.